काढलेला माणूस

आमच्या हॉटेलाच्या भिंतीवर माणसं जेवायला बसली आहेत. दसऱ्यापासून बसली आहेत, आणि अजून एकाचंही जेवण संपलेलं नाही. हायवेवरून जाणारे विचारतात, मावशी, ही कोणाची पंगत? मी म्हणते, सुपडू आबांची. मग विचारतात, सुपडू आबा कोण? तिथून पुढं मला पोळपाट बाजूला ठेवावा लागतो, म्हणून आता एकदाच लिहून काढते.

धुळ्याहून सोनगीरकडे येताना किल्ला दिसायला लागला की रस्त्याच्या कडेला आमचं हॉटेल लागतं. हॉटेल माझ्या मुलाचं, भूपेंद्रचं. भाकरी माझी. आणि भिंत सुपडू आबांची.

आबांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. म्हणून हे जन्मल्याबरोबर आईनं त्यांना सुपात घातलं, शेजारणीला मूठभर ज्वारीला विकलं आणि परत आणलं. देवाला वाटावं, हे टाकाऊ पोर आहे, हे कशाला न्यायचं. तेच नाव राहिलं, सुपडू. आबा त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "अक्का, देव फसी गया. पण तवापासून माले बठ्ठा लोक टाकाऊच समजतस."

धंदा पेंटरचा. या रस्त्यावरची एक भिंत त्यांनी सोडली नाही. कपाशीचं बियाणं, विडी, पाण्याची मोटार, सिमेंट, मोबाईल, सगळं त्यांनी रंगवलं. एकदा नळाच्या जाहिरातीत त्यांनी असा नळ काढला होता की एका परगावच्या माणसानं गाडी थांबवून त्याखाली बाटली धरली होती. बराच वेळ धरली होती, आणि वर आबांनाच विचारलं, इथं पाणी किती वाजता येतं?

वस्तू कुठलीही असो, तिच्या शेजारी कंपनीला हसरं कुटुंब लागायचं. नवरा, बायको, एक मुलगा, एक मुलगी. फ्रीज आला म्हणून हसताहेत, खत आलं म्हणून हसताहेत. आबा डोळे मिटून ते कुटुंब काढत. स्वतःच्या घरी फ्रीज कधी आला नाही. गुंताबाई, त्यांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा एकच, हितेंद्र, तो पुण्याला कंपनीत. आणि मग फ्लेक्स आलं. रात्रीतून छापून येतं, सकाळी टांगतात. आबांचे ब्रश डब्यात उभेच राहिले.

हितेंद्र वाईट पोर नाही, हे आधी सांगते. त्याला बापाची काळजी वाटते. पण काळजी वाटली की तो मोबाईल उघडतो आणि काहीतरी मागवतो. तो यायच्या ऐवजी खोकं यायचं. मान दाबायचं मशीन आलं. बिनतेलाचं तळायचं मशीन आलं, आबा त्यात ब्रश वाळवायचे. एकदा आपोआप फरशी पुसणारी तबकडी आली. आबांच्या घरात फरशी कुठली, शेणानं सारवलेली जमीन. त्या तबकडीनं सगळं सारवण उकरलं आणि डबक्यातून निघालेल्या म्हशीसारखी होऊन खाटेखाली जाऊन बसली. तिथून गुरगुरायची. आबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. त्यालेबी एकलं वाटत व्हयी."

खोकं मात्र त्यांनी एकही फेकलं नाही. सगळी भिंतीला लावून ठेवली होती. मी विचारलं, आबा, हा कचरा कशाला?

"कचरा कोठे? त्यावर माणसं शेतस."

खरंच होती. प्रत्येक खोक्यावर हसरं कुटुंब.

गेल्या श्रावणात कानबाई देवी बसली तेव्हाची गोष्ट. आमच्याकडे कानबाईचे रोट करतात, जाड पोळ्याच म्हणा. घरातले पुरुष मोजून गहू घ्यायचे, आणि ते रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्याला द्यायचे नाहीत, उरवायचे तर नाहीतच. सुरतेला असो की मुंबईला, माणूस रोटाला घरी येतोच. आबांनी हितेंद्रच्या नावाचेही गहू घेतले. हितेंद्र आला नाही, मीटिंग होती. खोकं आलं, त्यात पचनाचं चूर्ण. तेच कामी आलं म्हणा, कारण आबांना दोघांचे रोट एकट्यानं खावे लागले. चार-पाच दिवस ते चालताना पोटावर हात ठेवून चालत होते. मी शेजारीण, म्हणजे बाहेरची, मला एक घास घेता येईना. देवीचा नियम आहे. पण देवघरात दिवा लावताना एवढं म्हटलं, आई, नियम तुझा बरोबर, पण खाणारे पण तूच बघ.

आता हॉटेलाकडे येते.

भूपेंद्रनं नाशिकला जाऊन हॉटेलाचा कोर्स केला होता. दसऱ्याला उद्घाटन. त्यानं टेबलं आणली ती एकेकट्या माणसाची. प्रत्येक टेबलाला तीन बाजूंनी फळी, समोर मोबाईल चार्जिंगला लावायचं सॉकेट.

मी म्हटलं, "अरे, ही दहावीची परीक्षा आहे का? कोणी कोणाच्या ताटातलं बघून खाऊ नये म्हणून?"

"आई, आजकाल गिऱ्हाईक एकटं येतं. त्याला प्रायव्हसी लागते. तुला नाही समजणार."

"माझ्या माहेरी असोद्याला भरीत करायचं म्हटलं तर गल्ली बोलवावी लागते. एकट्यापुरतं भरीत जमतच नाही."

"म्हणून तर भरीत मेनूत नाही."

झालं. बाहेरची हायवेकडची भिंत मोठी पांढरी होती. तिच्यावर तो फ्लेक्स लावणार होता. मी मध्ये पडले. म्हटलं, आबांना दे, ते माणूस रिकामं बसून वाळून चाललंय. भूपेंद्र तयार झाला, पण अट घातली. "चित्र मस्त झालं तर ठीक. नाहीतर शनिवारी धुळ्याहून निंबाभाऊ फ्लेक्स घेऊन येईल आणि आबांच्या चित्रावर ठोकेल. मग रडायचं नाही."

आबांना सांगितलं तसे ते उठले. घरी गेले आणि ब्रश धुऊन आणले. ती त्यांची शेवटची भिंत, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

सोमवारी संध्याकाळी आम्ही बघायला गेलो. रंग सुंदर. मागे सोनगीरचा किल्ला, हायवे, ट्रक, मोबाईलचं दुकान, पेट्रोल पंप. आणि मधोमध एक टेबल, भूपेंद्रनं आणलेलं तसंच, तीन फळ्यांचं. त्यावर एक तरुण माणूस बसलेला. पाठीला बॅग, डोळ्याला चष्मा, हातात मोबाईल. समोर शेवभाजी, भाकरी, आणि तो तिकडे बघतच नाही. भाजी गार झालेली दिसत होती. गार भाजी कशी काढली, देव जाणे, पण वरचा तवंग मी ओळखला.

भूपेंद्रचा चेहरा पडला. "आबा, एवढ्या मोठ्या भिंतीवर एकच गिऱ्हाईक? लोक म्हणतील हॉटेल चालत नाही."

"तुना टेबलवर एकच बसस ना, भाऊ."

"ते आतलं झालं. बाहेर भरलेलं दिसलं पाहिजे. हा एकटा माणूस काढा."

आबांनी मान हलवली.

मंगळवारी भिंतीवर दोन माणसं. शेजारी दुसरं टेबल, तीन फळ्या, त्यात एक ट्रक ड्रायव्हर. तोही एकटा.

"आबा! मी काय सांगितलं होतं?"

"एकटा माणूस काढा. काढेल शे. देख."

"काढा म्हणजे तो नाही हो! म्हणजे... अहो, ही एकटी माणसं काढा सगळी! किती वेळा सांगायचं?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला आणि तो दोन दिवस धुळ्याला भांडी आणायला गेला.

तुम्हाला हसू येईल, पण आपल्या भाषेची यात चूक आहे. चित्र काढायचं म्हणजे नवं करायचं, आणि डाग काढायचा म्हणजे नाहीसा करायचा. शब्द तोच. पोरांना शाळेत काढ म्हटलं की ती चित्र काढतात, घरात काढ म्हटलं की बूट काढतात. आबा तर आयुष्यभर 'काढा' ऐकून भिंती भरत आलेले.

दोन दिवसांत त्यांनी जी माणसं काढली, विचारू नका. विम्याची बॅग घेतलेली बाई. खोकी पोचवणारा मोटारसायकलवाला, खोक्यावरच ताट ठेवून जेवणारा. एसटीची कंडक्टरीण, तिकिटाच्या मशीनकडे बघत घास घेणारी. एक पोलीस. आणि एक नवरदेव, बाशिंगासकट, वरात पुढे निघून गेलेली आणि हा मागे राहिलेला, रडवेला, मोबाईलवर रस्ता शोधतोय. सगळ्यांना आपापलं टेबल, तीन-तीन फळ्या. बठ्ठे एकटे. भिंत इतकी भरली होती, पण बघितलं की रिकामीच वाटायची.

गुरुवारी भूपेंद्र परत आला. गाडी रस्त्याच्या पलीकडे लावली, भिंत बघितली आणि तिथूनच डोक्याला हात लावून ओरडायला लागला. "काढा! आबा, काढा! काढा!"

मी आत चुलीपाशी. आबांना सकाळपासून खोकला होता, रंगाचा वास. मला वाटलं पोराला शेवटी म्हाताऱ्याची दया आली. मी झटपट आलं, तुळस, मिरी, गूळ घालून उकळलं आणि पेला भरून बाहेर नेला.

"हे काय?" भूपेंद्र.

"काढा. तूच ओरडत होतास ना?"

आबांनी पेला घेतला, फुंकर मारली, म्हणाले, "गूळ थोडा कमी शे."

भूपेंद्र तिथंच खाली मातीत बसला. मग उठून शांतपणे निंबाभाऊंना फोन लावला. शनिवारी सकाळी फ्लेक्स घेऊन या.

आबांनी ते ऐकलं. उरलेला काढा एका दमात प्यायले आणि ब्रश पुसायला लागले.

मला राहवेना. भूपेंद्र आत गेल्यावर मी भिंतीजवळ गेले. पहिल्या माणसाकडे नीट बघितलं. चष्मा, बॅग, आणि हनुवटीवर एक बारीक खूण. लहानपणी हितेंद्र आमच्या ओट्यावरून पडला होता. हळद मीच दाबली होती त्यावर.

"आबा, हा हितेंद्र आहे."

ते ब्रशच पुसत राहिले. "रोटले उना नही ना. म्हणीसन आठे बसाडा."

"तुम्ही इथं बसवला, आणि भूपेंद्र म्हणतो काढा."

"पोऱ्याले कसा काढू, अक्का?"

 मग माझ्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे त्याला काय म्हणायचंय ते तुम्हाला पहिल्याच दिवशी समजलं होतं!"

"मी पेंटर शे अक्का, बहिरा नही." आणि ब्रश डब्यात ठेवत, "तो एकला बसेल व्हता, माले बरं नही वाटनं. म्हणीसन ड्रायव्हर बसाडा. मंग ड्रायव्हरबी एकला दिसाले लागी गया. मी काय करू? एकाले सोबत देवाले जास, तर तोबी एकलाच निघस."

 मी जरा मागे सरकून भिंत बघितली. माणसं चांगली होती. माणसांचं काही चुकत नव्हतं.

"आबा, माणसं राहू द्या," मी म्हटलं. "टेबलं काढा."

मला पुसा असंच म्हणायचं होतं, देवाशपथ. पांढरा रंग मारा, माणसं नुसती बसलेली दिसू देत. आबांनी माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे बघितलं. मग परत माझ्याकडे.

"काढू?"

"काढा."

शुक्रवारी सकाळी उठून बघते तर आबांनी टेबलं काढली होती. म्हणजे आणखी काढली होती. जिथं जिथं दोन टेबलांमध्ये जागा होती तिथं तिथं एक टेबल. मधल्या उभ्या फळ्यांचे त्यांनी तांबे केले, पेले केले, एका फळीचा तर केळीचा घड केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब टेबल, आणि सगळे त्याला लागून ओळीनं बसलेले.

एकाचाही चेहरा त्यांनी बदलला नव्हता. पण काय जादू झाली बघा. नवरदेव आधी रडवेला दिसत होता, तो आता कांदा लागल्यासारखा दिसत होता. कंडक्टरीण त्याला तिकीट द्यायला निघाल्यासारखी. पोलीस विमेवालीच्या ताटातल्या मिरचीवर लक्ष ठेवून. आणि हितेंद्र आणि ड्रायव्हर एकाच मोबाईलमध्ये डोकं घालून हसताहेत असं वाटत होतं. हसत नव्हते, पण वाटत होतं.

मी घरात गेले, देवापुढे उदबत्ती लावली, आणि भावाला फोन केला. म्हटलं, असोद्याहून उद्या पहाटेच्या गाडीत वांगी घाल. किती? म्हटलं, गल्लीपुरती.

शनिवारी निंबाभाऊ आले. शिडी, खिळे, आणि गुंडाळलेलं फ्लेक्स. भूपेंद्रनं ते जमिनीवर उलगडून दाखवलं. कॉम्प्युटरनं बनवलेलं चित्र. हसरं कुटुंब, सगळे गोरेपान. बाई भाकरी खात होती, काट्यानं. आणि मी मोजली, तिच्या हाताला सहा बोटं होती.

"एवढी बोटं असून हिला भाकरी मोडता येईना होय रे?" मी म्हटलं.

निंबाभाऊ खाली बघून म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक शे मावशी, माझी नाही." मग त्यांनी मान वर केली आणि भिंत बघितली. शिडी खांद्यावरच राहिली. भूपेंद्रही पहिल्यांदाच बघत होता, शुक्रवारी तो आलाच नव्हता. त्यानं तोंड उघडलं. मी बघत होते, 'काढा' हा शब्द त्याच्या ओठांपर्यंत आला, आणि पोरानं तो गिळला.

"हे... आबा, हे..." त्याला दुसरा शब्दच सापडेना.

तेवढ्यात एक ट्रक थांबला, मागून आणखी तीन. चौघं उतरले. मागच्या अंगणात माझी वांगी काड्यांच्या जाळावर भाजत होती, तो वास रस्त्यावर गेलेला. पुढचा ड्रायव्हर म्हणाला, "ताई, जेवण चालू आहे ना? त्या लांब टेबलावर बसतो आम्ही."

"आत या," भूपेंद्र म्हणाला, सवयीनं.

ते आत गेले आणि लगेच बाहेर आले. "भाऊ, आत तर एसटीडी बूथ लावलेत. आम्ही सुरतेपासून एकेकटेच आलोय, आपापल्या केबिनमध्ये. आता जेवायलाही केबिनच का?"

भूपेंद्र भिंतीकडे बघत राहिला. मग आतल्या कामगारांना त्यानं जोरात हाक दिली, "अरे, पार्टिशन काढा!"

आबांनी चटकन ब्रश रंगात बुडवला.

"आबा, तुम्ही नाही!" भूपेंद्र किंचाळला.

निंबाभाऊ इतके हसले की शिडी पडली. त्यांनीच खिळे काढायची पक्कड आणली आणि सगळ्या फळ्या उतरवल्या, टेबलं जोडली. मग सगळेच बसले, चौघं ड्रायव्हर, निंबाभाऊ, कामगार, आबा. भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, मिरची. भूपेंद्र शेवटी बसला. दोनदा मागून घेतलं, तेव्हा मी विचारलं, मेनूत आहे का रे? तो ताटाकडे बघत आबांना म्हणाला, लिहा.

फ्लेक्स वाया गेलं नाही. सहा बोटांची बाई आता मागे आमच्या कांद्यांवर पांघरलेली असते.

दसऱ्याला उद्घाटन झालं. दोनच दिवसांनी आबांच्या नावानं खोकं आलं. हितेंद्रनं पाठवलेलं. खोक्यावर एक माणूस, हसरा, आणि या वेळी कुटुंब नाही, एकटाच. आत घडीचं टेबल, एका माणसाच्या जेवणाचं.

आबा ते डोक्यावर घेऊन हॉटेलात आले. लांब टेबलाच्या शेवटी ते उघडून लावलं. इतर टेबलांपेक्षा ते वीतभर खाली भरलं. तिथं बसणाऱ्याचं ताट खालच्या मजल्यावर असल्यासारखं दिसतं. मी म्हटलं, खाली विटा देऊ का? म्हणाले, ऱ्हाऊ दे.

संध्याकाळी हितेंद्रचा फोन आला. आबांना फोन कानाला लावता येत नाही, ते नेहमी स्पीकर लावून, तोंडासमोर धरून मोठ्यानं बोलतात, त्यामुळे सगळ्या हॉटेलानं ऐकलं.

"बाबा, टेबल मिळालं का? कसं आहे?"

"धाकलं शे."

"मग मोठं पाठवू?"

"नको. मोठं आठे शे. तू ये. तुनासाठी जागा काढेल शे."

 मग हितेंद्रनं विचारलं, "काढली आहे म्हणजे? बसायची की भिंतीवरची?"

आबांनी वर भिंतीकडे बघितलं, खाली टेबलाकडे बघितलं.

"ये," म्हणाले, "मंग मी सांगस."